मामा मोठ्यानं विचारतात

माझ्या मामांनी फोनला विचारलेला एकही प्रश्न आजवर खासगी राहिलेला नाही. इतर माणसं नेटवर काही शोधायचं झालं की अंगठ्यानं चार अक्षरं टिपतात, ओठ मिटून वाचतात आणि फोन खिशात टाकतात. शेजारी बसलेल्याला पत्ताही लागत नाही. मामांनी काही शोधायला घेतलं की ते माजलगावच्या त्यांच्या गल्लीत पिठाच्या गिरणीपासून कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत सगळ्यांना कळतं. मामांचं सगळं आयुष्य एका साखर कारखान्याच्या मिल हाऊसमध्ये फिटर म्हणून गेलं. उसाचं चिपाड करणारी ती धुडं चालू असताना शेजारच्याला 'पाना दे' एवढं सांगायचं तरी छाती फुगवून ओरडावं लागतं. निवृत्त झाल्यावर यंत्रं तिकडंच राहिली, पण आवाज मामा घरी घेऊन आले. जेवताना 'मीठ वाढ' म्हणाले तर समोरच्या घरातली बाई दचकून मिठाच्या बरणीला हात घालते. त्यात त्यांना फोनवर लिहिता येत नाही. म्हणजे अक्षरं उत्तम येतात, पण पान्याला सरावलेल्या त्या अंगठ्यासमोर स्क्रीनवरची अक्षरं म्हणजे मुंग्या; एकीवर ठेवावा तर तीन चिरडतात. म्हणून मामा बोलून शोधतात, आणि फोनातली बाई वाचून दाखवते तो आवाजही त्यांनी शेवटपर्यंत वाढवून ठेवलेला. गल्लीला प्रश्नही ऐकू जातो, उत्तरही.

सकाळचा चहा झाला की मामा ओट्यावरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसतात, फोन तळहातावर आडवा धरतात आणि आधी विचारपूस करतात. "हॅलो ताई, नमस्कार! माजलगावहून बोलतो. कामात न्हाई ना?" फोनातली बाई 'मी आपल्याला काय मदत करू शकते' असं काहीतरी म्हणते. लगेच मामा दाराकडे वळून मामींना सांगतात, "बघ, कशी गोड विचारती! न्हाईतर तू." मामींचं यावर ठरलेलं उत्तर आहे. "तिला काय भाकरी थापायच्या हायत का? बसली जागेवर आन बोलती गोड."

यानंतर प्रश्न. पण मामांचा प्रश्न नुसता प्रश्न नसतो, त्याला पार्श्वभूमी असते. शेवग्याच्या शेंगा किती दिवस टिकतात एवढंच विचारायचं होतं, तर मामांनी सुरुवात केली, "त्याचं काय झालं ताई, आमच्या हिची बहीण केजला राहती. ती काल आलती. आता तिकडं त्यांच्या दारात शेवगा हाय, आन यंदा त्याला शेंगा लई लागल्या..." ऐकणारी बाई केजहून येतानाच्या धारूरच्या घाटातच थकली आणि म्हणाली, "माफ करा, मला समजलं नाही." मामांना राग येत नाही. "बरोबर हाय, मीच गडबड केली," म्हणून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, आणि या वेळी मेव्हणी कुठल्या गाडीनं आली, तिला जागा मिळाली का, हेही घातलं. तोवर पलीकडच्या ओट्यावरून एक म्हातारबा ओरडले, "मिस्त्री, आठ दिवस टिकत्यात! कापडात गुंडाळून ठिवा!" मामांनी त्यांना हात केला आणि फोनला सांगितलं, "राहू द्या ताई, इथं मिळालं उत्तर."

तर अशी ती देवाणघेवाण. कधी उत्तर फोनच्या आधी गल्लीतून येतं, कधी गल्लीच आपला प्रश्न मामांच्या ओट्यावर आणून टाकते. "मिस्त्री, तेवढं दहावीच्या निकालाचं विचारा की!" "मिस्त्री, म्हैस पान्हा चोरती, त्याला काय करावं, विचारता का जरा?" मामा नाही म्हणत नाहीत. फक्त विचारणाऱ्याला आधी सगळी हकीकत सांगावी लागते, कारण पार्श्वभूमीशिवाय प्रश्न पुढे पाठवणं मामांना बेजबाबदारपणाचं वाटतं.

मामींचं इंटरनेट मात्र वेगळं आहे. त्यांचं इंटरनेट केजला राहतं. दूध नासलं, लोणच्याला बुरशी आली, उचकी थांबेना, काहीही झालं की इकडे मामा फोनातल्या ताईला नमस्कार करतात आणि तिकडे मामी आपल्या ताईला फोन लावतात. आजवर शर्यत एकदाही मामांनी जिंकलेली नाही. केजच्या ताई पार्श्वभूमी मागत नाहीत. पार्श्वभूमी त्यांना पाठच आहे.

सगळ्यात मोठा घोटाळा झाला तो भाकरीवरून. एकदा मामींच्या बाजरीच्या भाकरीला पापुद्रा धरेना. मामांनी ओट्यावरून आवाज टाकला, "ताई, भाकरीला पापुद्रा कावून धरंना?" आता त्या फोनातल्या बाईला 'का' कळतं, 'कशामुळे' कळतं, पण 'कावून' काही तिला कुणी शिकवलेलं नाही. तिनं आपल्या परीनं जवळचा शब्द धरला आणि पूर्ण आवाजात वाचायला सुरुवात केली, "कावीळ झाल्यास डोळे पिवळे दिसू लागतात, भूक मंदावते, थकवा जाणवतो..." पिठाच्या गिरणीवाल्याच्या बायकोनं ते ऐकलं. पाव तासात 'मिस्त्रीला कावीळ झाली' ही बातमी गल्लीभर. एकजण उसाची मोळीच घेऊन आला, दुसऱ्यानं मामांना उन्हात ओढून डोळ्याच्या खालच्या पापण्या ताणून पाहिल्या, एका म्हातारीनं कुठल्याशा गावच्या औषध देणाऱ्याचा पत्ता तोंडी सांगितला. मामा ओरडत होते, "अरे मला काय बी झालं न्हाई बे!" आणि ते जितके मोठ्यानं ओरडत तितकी माणसं एकमेकांकडे बघून माना हलवत, "चिडचिड व्हती काविळीत. आमच्या थोरल्यालाबी झालती." मामींनी आधी डोळ्याला पदर लावला, मग सगळा उलगडा झाल्यावर त्याच पदरानं ऊस पुसला, एक कांडं करकचून दातात धरलं आणि म्हणाल्या, "भाकरीचं ऱ्हाऊ द्या आता. ऊस लई गोड हाय."

त्या दिवसापासून मामा फोनशी शुद्ध बोलू लागले. शाळेच्या गॅदरिंगला प्रमुख पाहुणे उभे राहावेत तसे ते खुर्चीत ताठ बसत आणि म्हणत, "कृपया मला हे सांगावे, की आमच्या दोडक्याच्या वेलास फुले तर येतात, परंतु फळे का बरे धरत नाहीत?" मामी आतून पोळपाट आपटत बाहेर आल्या. "का बरे! आगं माय! लग्नाला चाळीस वर्षं व्हत आली, मला एकदा तरी 'का बरे' म्हणला का हो तुमी?" मामा गोंधळले. मग घसा साफ करून, गिरणीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आज चहा का बरे झाला नाही?" गल्लीतनं हशा उठला. चहा त्या दिवशी आलाच नाही.

मिळालेल्या उत्तरावर मामा लगेच विश्वास ठेवत नाहीत. त्यांचा एक सिद्धांत आहे: पहिलं उत्तर कधी धरायचं नाही. "पहिला गडबडीत बोलतो. दुसरा पहिल्याचं ऐकून बोलतो. तिसऱ्याला जरा इचार कराया येळ भेटलेला असतो." म्हणून ते ताईंना तिसरं उत्तर वाचायला सांगतात, आणि तेही जमेल तिथं स्वतः पडताळतात. एकदा त्यांनी विचारलं की आपल्या धरणाला दरवाजे किती. बाईंनी आकडा सांगितला. मामांनी सायकल काढली, भर मे महिन्यात धरणावर गेले, या टोकाकडून त्या टोकाकडे दरवाजे मोजले, मग त्या टोकाकडून या टोकाकडे मोजले, आणि तांब्यासारखे लाल होऊन घरी आले. पाणीसुद्धा न पिता आधी फोन हातात घेतला. "बरोबर हाय ताई तुमचं." मी तेव्हा तिथंच होते. मी परळीला शाळेत शिकवते. सुट्टी लागली की माझं माहेर आधी मामांचं घर, मग आईचं. मी विचारलं, "मामा, आणि चुकलं असतं तर?" मामा म्हणाले, "तर तिला सांगितलं असतं. चूक झाली तर सांगाया नको का माणसानं?" एवढं बोलून ते एकदम गप्प झाले आणि तांब्या तोंडाला लावला. मला तेव्हा वाटलं, उन्हानं दमले.

त्या गप्प होण्याचा अर्थ मला दिवाळीच्या सुट्टीत कळला. मी दुपारी पोचले तर ओट्यावर खुर्ची रिकामी, गल्लीत शांतता. गिरणीवाल्याची बायको काळजीनं म्हणाली, "सकाळधरनं मिस्त्रीनं काय विचारलंच न्हाई बघ." मी घरातून मागे गेले. मामा परसात धुण्याच्या दगडावर पाठमोरे बसले होते आणि फोन तोंडाजवळ धरून कुजबुजत होते. मामांची कुजबूज म्हणजे आपलं साधं बोलणं, त्यामुळे मला स्वच्छ ऐकू आलं. "ताई, खारी कुठं हाय?"

बाई म्हणाली, "तुमच्या जवळपास खारी मिळण्याची तीन ठिकाणं आहेत. सर्वात जवळचं ठिकाण दीडशे मीटरवर आहे."

मला हसू आवरेना. "अहो मामा, कोपऱ्यावरच्या बेकरीत मिळते की खारी! त्यासाठी..."

मामांनी मान वळवली आणि माझं हसू तिथंच थांबलं. "पोरी," ते म्हणाले, "खारी माणूस हाय."

मग त्यांनी मला सांगितलं. तीस-बत्तीस वर्षांपूर्वी मिल हाऊसमध्ये त्यांच्या हाताखाली एक हंगामी गडी होता. गेवराई तालुक्यातल्या उमापूरकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. ऊस सुरू झाला की कारखान्यावर यायचा, हंगाम संपला की परत मेंढरांकडे. चहाच्या सुट्टीत खारी चहात बुडवून ती तुटून पडेपर्यंत धरून बसायची त्याला सवय, म्हणून सगळे त्याला खारीच म्हणत. चार हंगाम दोघांनी एका कपातला चहा बशीत अर्धा-अर्धा करून प्यायला. चौथ्या हंगामात एक दिवस मिलमध्ये लोखंड गेलं. रोलरचे दात तुटले, गाळप थांबलं, साहेब धावत आले. लोखंड म्हणजे एक पाना होता. कुणाचा, कुणी वर ठेवला, अशी आरडाओरड सुरू झाली, आणि मामांच्या तोंडून घाबरून निघून गेलं, "खारीनं ठिवला असंल." तेवढं एकच वाक्य. त्याच दिवशी खारीला घरी पाठवलं. चार दिवसांनी मिल साफ करताना पान्याचा राहिलेला तुकडा निघाला, आणि त्यावर मामांनी स्वतःच्या हातानं कानशीनं कोरलेली खूण होती.

"मी साहेबाला जाऊन सांगितलं," मामा म्हणाले. "मला बोलणी बसली, पर नोकरी ऱ्हायली. खारी मात्र गेलता तो गेलाच. उन्हाळ्यात मी उमापूरच्या बाजारात गेलतो त्याला हुडकाया. लोक म्हणले, नाव काय? मी म्हणलं, खारी. लोक हसाया लागले." ते थोडा वेळ दगडावरचा साबणाचा डाग नखानं खरवडत राहिले. "चार हंगाम बशी वाटून घेतली मी त्याच्यासंगं. आन नाव कधी विचारलं न्हाई. आता ह्या ताईला रोज विचारतो. तिला तरी कसं सापडावं? तिला मी काय सांगितलं? खारी."

मी माझ्या फोनवर खूप शोधलं. पण ज्याचं नाव माहीत नाही, फोटो नाही, असा माणूस शोधायला मला तरी कुठं येत होतं? मग मला सुचलं. माझ्या शाळेतल्या एका बाईंचं माहेर उमापूरचं आणि त्या गावाच्या ग्रुपवर होत्या. मी म्हटलं, "मामा, तुमच्या आवाजात निरोप रेकॉर्ड करू. त्या ग्रुपवर टाकू, तिथून पुढं जाईल. खारींनी ऐकला तर आवाज ओळखतील."

"हळू बोलतो," मामा म्हणाले.

हळू बोलून पाहिलं. पहिल्या खेपेला रेकॉर्डिंगमध्ये नुसती चिमणी ऐकू आली. दुसऱ्यात 'मी माजलगावचा' एवढंच. तिसऱ्यात ते शुद्ध बोलायला गेले आणि 'क्षमस्व' या शब्दाला अडले. हळू आणि खरं, दोन्ही एकदम त्यांना जमेना. शेवटी ते दगडावरून उठले, पुढे ओट्यावर आले, आपल्या खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, "दाब."

आणि आपल्या नेहमीच्या आवाजात बोलू लागले. "खारी, मी मिल हाऊसचा फिटर बोलतो. वळखलं आसंल. तो पाना माझा व्हता. मीच कठड्यावर ठिवला आन इसरलो. तुझं नाव घेतलं ते भिऊन घेतलं. तुझी काय चूक नव्हती. तू गेल्यावर मी साहेबाला सांगितलं, पर तुला सांगाया पायजे व्हतं ते ऱ्हायलं. कुठं असशील तर कळव. मी येतो."

गिरणी बंद झाली होती. गिरणीवाल्यानं पट्टा उतरवून ती बंद केली होती, ऐकायला. समोरची बाई, पलीकडचे म्हातारबा, बेकरीच्या पायरीवरची माणसं, सगळी जिथल्या तिथं उभी. मामांच्या कुठल्याही बोलण्यावर आजवर कुठल्या ना कुठल्या ओट्यावरून उत्तर आलं होतं. या वेळी कुणी काही बोललं नाही. मामी दारात उभ्या होत्या, हाताला पीठ तसंच. त्यांनाही हे पहिल्यांदाच कळत होतं. मामा कुणाकडे न बघता आत गेले. मामींनी हात धुतले, चहा ठेवला, त्यांच्यासमोर आणून ठेवला आणि शेजारी बसल्या. "इतकी वर्षं एकटेच वागवत बसलात व्हय," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मामा ओट्यावर आले नाहीत. आपली पत गेली असं त्यांना वाटत होतं. आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते. नऊच्या सुमारास बाहेरून गिरणीवाल्याच्या बायकोची हाक आली, "मिस्त्री, सापडला का हो खारी?" पाठोपाठ म्हातारबांची, "आमच्या जावयाकडं बी पाठवा तो निरोप! त्याची ओळख हाय गेवराईकडं!" मामींनी मामांची खुर्ची उचलून ओट्यावर नेऊन ठेवली आणि आत येऊन म्हणाल्या, "चला. ताई वाट बघती तुमची." मामा उठले.

मग सगळी गल्ली शोधाला लागली. निरोप कुठल्या कुठं गेला. उत्तरंही आली, भरपूर आली. एका बेकरीवाल्यानं कळवलं, खारी आणि टोस्ट घरपोच मिळतील. कुणी खारीची कृती पाठवली. एका सद्गृहस्थानं झाडावर बसलेल्या खारीचा, म्हणजे शेपटीवाल्या खारीचा, सुंदर फोटो पाठवून विचारलं, 'हीच का?' मामा प्रत्येक उत्तर पूर्ण ऐकत आणि प्रत्येकाला आभाराचा निरोप पाठवत. खारीच्या फोटोवाल्याला त्यांनी कळवलं, "ही न्हाई. पर छान हाय."

नवव्या दिवशी सकाळी फोन वाजला. पलीकडे एक बाई होती. फोनचा आवाज मोठा असल्यामुळे आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. "ते वरडून बोललेले मिस्त्री तुमीच का?"

"व्हय," मामा म्हणाले.

"आमच्या मामंजीला कारखान्यावर खारी म्हणायचे म्हणं. त्यास्नी ऐकवलं मी. मग म्हणले, परत लाव. पाच येळा लावाया लावलं."

मामांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "मग? काय म्हणला?"

"म्हणले, ह्यो अजून तसाच वरडतो." बाई हसली. "आन म्हणले, येऊ द्या त्याला."

दोन दिवसांनी आम्ही निघालो. मामा, मामी आणि मी. मामींनी शेंगदाण्याच्या पोळ्या केल्या होत्या. मामांनी कोपऱ्यावरच्या बेकरीतून काहीतरी घेऊन पिशवीच्या तळाशी लपवलं होतं. मामींनी हात घालून पाहिलं, खारीचा पुडा निघाला. मामा ओशाळले. "असू द्या," मामी म्हणाल्या, "दात असतील तर खाईल." गेवराईपर्यंतच्या एसटीत आणि पुढं उमापूरच्या जीपमध्ये मामा पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले होते. कंडक्टरनं दोनदा 'कुठं जायचं' विचारलं तेव्हा उत्तर मी दिलं.

उमापूरच्या पुढं शेताच्या कडेला दोन खोल्यांचं घर होतं, बाजूला जाळीत मेंढरं, आणि दारात एक उंच, वाळका माणूस उभा. डोक्याला पांढरी टोपी आणि अंगात मुलाचा असावा असा निळा टी-शर्ट. मामा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांना बोलताच येईना. मी जन्मात पहिल्यांदा मामांना असं पाहिलं.

"काय मिस्त्री," तो माणूस म्हणाला, "आवाज कुठं ठिवून आलात?"

"चुकलं बाबा माझं," मामा म्हणाले. ते इतकं हळू होतं की मागे उभ्या मामींना ऐकू गेलं नाही.

"बसा आधी." त्यानं घोंगडी झटकून पसरली. बसल्यावर मेंढरांकडे पाहत तो म्हणाला, "खरं सांगू का मिस्त्री, लई शिव्या दिल्या तुमाला. चार वर्षं दिल्या. मग मेंढरं वाढली, येळ भेटंना. आन त्या शिव्या अरे-तुरेत दिल्या, तेवढं माफ करा."

मामी तोंडावर पदर धरून हसल्या. मामा हसले नाहीत. "तुला कवा कळलं पाना माझा हाय ते?"

"त्याच दिवशी. कठड्यावर तुमीच ठिवलेला बघितला व्हता मी."

"मग बोलला कावून न्हाईस?"

"कुणापुढं बोलू? तुमी फिटर, मी हंगामी. माझं कोण ऐकणार व्हतं?" हे तो रागानं बोलला नाही. आज वारं कुठून आहे ते सांगावं, तसं बोलला. मामांनी मान खाली घातली ती वर येईना. तेव्हा त्यानंच त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "पर आता तुमी बोललात. आन हळू न्हाई बोललात. साऱ्या तालुक्यानं ऐकलं, खारीची चूक नव्हती म्हणून. परवा बाजारात गेलतो तर चहावाला म्हणला, तुमीच का ते? त्यानं बाकड्यावर जागा करून दिली मला. बास की."

फोनवर बोललेली त्याची सून चहाचं ताट ठेवत म्हणाली, "रोज एकदा लावाया लावत्यात तो निरोप. पाव्हणा आला की पहिलं तेच."

मामांनी पिशवीतून पुडा काढून पुढे ठेवला. त्यानं खारी घेतली, चहात बुडवली आणि धरून बसला. आम्ही चौघंही त्या खारीकडे बघत होतो. ती पडली. तो आणि मामा एकदमच हसले, आणि मग मामांचा आवाज परत आला तो असा की जाळीतली मेंढरं एका बाजूला सरकली. दुपारभर दोघं बोलत होते. कोण गेलं, कोण आहे, कुठला साहेब कसा चालायचा. कधीतरी मामांनी विचारलं, "तुझं खरं नाव काय रं?"

"मल्हारी," तो म्हणाला. "तवा विचारलं असतं तर तवाच सांगितलं असतं."

निघताना कळलं की आठवड्याभरात तो मेंढरं घेऊन बाहेर पडणार. गोदावरीच्या काठाकाठानं वरच्या अंगाला, चारा मिळेल तसं. पावसाळ्याच्या तोंडाला परत. फोन तो वापरत नाही. सून वापरते आणि ती घरीच राहते. "आता भेटलो न्हवं का," तो म्हणाला आणि जीपपर्यंत पोचवायला आला. जीप सुटल्यावर मामा मागच्या काचेतून बघत राहिले. त्यानं हात केला नाही. तो मेंढरं मोजतो तशी नजर लावून, आम्ही दिसेनासे होईपर्यंत उभा होता.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा माजलगावला गेले. मामा ओट्यावर होते. आता सकाळचा पहिला प्रश्न ठरलेला असतो असं मामी म्हणाल्या. सुनेला निरोप मिळाला की ती गावाचं नाव कळवते, मेंढरं सध्या कुठं बसली आहेत ते, आणि मामा फोनला त्या गावची हवा विचारतात. त्या दिवशीही विचारली. ऊन पडलंय म्हणाली तर बरं वाटतं त्यांना; पण त्या दिवशी बाई म्हणाली, "ढगाळ वातावरण, संध्याकाळी पावसाची शक्यता."

मामांनी फोन जरा जवळ घेतला. "ताई, मल्हारीला आडोसा हाय का हो तिथं?"

"माफ करा, मला समजलं नाही."

गल्लीतही कुणाला उत्तर माहीत नव्हतं. "असू द्या," मामा म्हणाले. फोन मांडीवर पालथा ठेवला, आणि खुर्ची थोडी फिरवून, जिकडं ते गाव असावं असं त्यांना वाटलं त्या बाजूच्या आभाळाकडे बघत बसले.